रेडिओहेड

ऑल्टरनेटिव्ह रॉक या संगीतप्रकारातील प्रख्यात इंग्रज गायक-वादक वृंद. ॲबिंग्डन (ऑक्सफर्डशर) येथील पाच शाळासोबत्यांनी तो १९८५ मध्ये स्थापन केला. टॉम यॉर्क हा त्याचा प्रमुख गायक. रूढ रॉक संगीताची चौकट ओलांडण्याच्या प्रयोगशीलतेमुळे त्यास मान्यता लाभली. ओके कंप्यूटर (१९९७), किड ए (२०००) व इन रेनबोज (२००७) या ध्वनिमुद्रिकांना सर्वोत्कृष्ट ऑल्टरनेटिव्ह संगीताची अमेरिकेतील ग्रॅमी पारितोषिके अनुक्रमे १९९८, २००१ व २००९ मध्ये मिळाली. २०१९ मध्ये क्लीव्हलंड येथील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेने त्यास मानाचे स्थान दिले. तथापि ब्रिटन व आयर्लंडमधील उत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेस दिले जाणारे मर्क्युरी पारितोषिक मात्र १९९७ ते २०१६ या काळात पाच वेळा नामनिर्देशन होऊनही त्यास लाभले नाही.