चिठ्ठी फाडणारी पेशी

कोविडच्या काळात 'एमआरएनए' हे नाव मराठी घरांत पोचलं ते बर्फासकट. फायझरच्या लशीला उणे 70 अंशांच्या आसपासची थंडी लागते हे कळल्यावर आपल्याकडे तिची डाळ शिजणार नाही, असं अनेकांनी ठरवूनच टाकलं. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या 'जेमकोव्हॅक-19'ला जून 2022 मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. ती कोरड्या पुडीच्या रूपात 2 ते 8 अंशांत टिकते. भिवंडीतल्या औषधांच्या गोदामांना हे तापमान सवयीचं. पण तोवर एमआरएनए म्हणजे नासका माल, ही समजूत रुजली होती. पेशीला विचाराल तर ती म्हणेल, नासतं म्हणूनच चालतं.

भिवंडीतला यंत्रमागाचा कारखाना डोळ्यांसमोर आणा. शेठने जॉबरला चिठ्ठी दिली, अमुक क्वालिटीचं कापड काढा. पुढे बाजार फिरला, क्वालिटी बदलली, पण जुनी चिठ्ठी कुणी फाडलीच नाही, तर नको त्या कापडाचे तागे पडत राहणार. पेशीत डीएनए ही शेठच्या कपाटातली वही, एमआरएनए ही तिच्यातून उतरवलेली चिठ्ठी आणि ती वाचून प्रथिन विणणारा माग म्हणजे रायबोसोम. ब्रेनर, जेकब आणि मेसेलसन यांनी 1961 साली ही चिठ्ठी दाखवून दिली. ती अल्पायुषी असणार, हा तर्क त्या शोधाच्या मुळाशीच होता.

फाडण्याची रीत ठरलेली आहे. चिठ्ठीच्या मागच्या टोकाला अॅडेनीनची शेपटी असते, माणसात साधारण 200 अक्षरांची; पुढच्या टोकाला संरक्षक टोपी. सीसीआर4-नॉट नावाचा विकरांचा संच आधी शेपटी कुरतडतो. ती पुरेशी आखूड झाली की डीसीपी2 हे विकर टोपी उडवतं आणि उघड्या पडलेल्या टोकापासून एक्सआरएन1 सगळी चिठ्ठी खात सुटतं. मागच्या बाजूने एक्झोसोमही हात धुऊन घेतो. सुटी झालेली अक्षरं नव्या चिठ्ठ्यांना कामी येतात.

कोणती चिठ्ठी किती टिकावी, हे बरंचसं तिच्या शेपटीआधीच्या मजकुरात लिहिलेलं असतं. पेशीला विभाजनाची चाहूल लागताच उमटणारी सी-फॉसची चिठ्ठी पाव तासाच्या आसपास निम्मी होते. दाह पेटवणाऱ्या टीएनएफच्या चिठ्ठीवर टीटीपी नावाचं प्रथिन बसतं आणि तिला लवकर संपवतं. 1996 साली ज्या उंदरांत हे प्रथिनच काढून टाकलं गेलं, ते जन्मताना धडधाकट दिसत. पुढे मात्र खंगत गेले, त्यांचे सांधे सुजले. टीएनएफ काही वाईट नव्हे. त्याची चिठ्ठी वेळेत फाटली नाही, एवढंच. (सूक्ष्म आरएनएही असाच अंकुश ठेवतात, त्यांच्या शोधाला 2024 चं नोबेल मिळालं.)

याच्या अगदी उलट टोकाला हिमोग्लोबिन. तरुण तांबडी पेशी केंद्रक टाकून देते, म्हणजे वहीच गेली. हाती उरलेल्या चिठ्ठ्यांवर तिला पुढचा दिवस-दोन दिवस हिमोग्लोबिन बनवत राहायचं असतं. म्हणून ग्लोबिनच्या, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाच्या, चिठ्ठ्या विशेष टिकाऊ असतात. आणि इथेच, भिवंडीच्या शेजारच्या उल्हासनगरात, हा विषय प्रयोगशाळेतून थेट घरात येतो. फाळणीनंतर तिथल्या छावणीत वसलेल्या सिंधी समाजात बीटा थॅलेसेमियाचे, म्हणजे बीटा ग्लोबिन पुरेसं न बनण्याच्या आनुवंशिक रक्तविकाराचे, वाहक बरेच आढळतात. कच्छी भानुशाली आणि लोहाणा समाजांतही.

थॅलेसेमियाच्या काही प्रकारांत बीटा ग्लोबिनच्या चिठ्ठीत मध्येच 'थांबा' उमटतो. चिठ्ठी तयार होताना तिचे तुकडे जोडले जातात आणि प्रत्येक सांध्याजवळ प्रथिनांची खूण राहते. पहिल्या वाचनात रायबोसोम या खुणा पुसत जातो. तो मध्येच थांबला आणि पुढे खूण शिल्लक राहिली, तर यूपीएफ1 नावाचं प्रथिन धोका ओळखतं आणि चिठ्ठी नष्ट करवतं. भूमध्य सागराकाठच्या देशांत आढळणारा 39व्या कोडॉनवरचा (चिठ्ठीतल्या तीन अक्षरी शब्दावरचा) थांबा असाच पकडला जातो. अर्धवट प्रथिन साचत नाही, जनुकाची दुसरी प्रत काम सांभाळते आणि वाहक सहसा ठणठणीत राहतो. 121व्या कोडॉनवरचा थांबा मात्र शेवटच्या तुकड्यात येतो. त्याच्यापुढे खूण नसते, चिठ्ठी शाबूत राहते, लांबलचक बिघडलेलं प्रथिन पेशीत गोळा होतं आणि एकाच दोषी प्रतीनेही माणूस आजारी पडतो.

भारतात नेहमी दिसणाऱ्या बदलांपैकी एक 15व्या कोडॉनवरचा थांबा. पुढे खुणा असूनही त्या जागचा थांबा पहाऱ्यातून बराचसा निसटतो, असं पोर्तुगालमधल्या संशोधकांना 2000 साली आढळलं. तो सुरुवातीच्या फारच जवळ आहे, हे त्याचं कारण. निसटून तयार होतो तो जेमतेम 14 अमिनो आम्लांचा तुकडा, म्हणून वाहकाचं काही अडत नाही. मला या नियमापेक्षा हा अपवादच अधिक मोलाचा वाटतो.

वाहक ओळखण्यासाठी रक्तातल्या एचबीए2 या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचं प्रमाण मोजतात; ते वाढलेलं दिसलं की जोडीदाराचीही तपासणी होते. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक. अशा वेळी वहीतली चूक नेमकी कुठे आहे, हे डीएनए तपासूनच कळतं. परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत गर्भाची अशी तपासणी केली जाते.