गळालेली नावं

मंडळी, मी कवितेतला माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं, आणि संगणकाशी ओळख म्हणाल तर मुलांच्या पाठीमागे उभं राहून बघण्यापुरती. पण शेजारच्या खालांमुळे या यंत्राची एक खोड मला शिकावी लागली.

खाला शिवणकाम करतात. मागे कुणी नाही. एका संस्थेकडे शिलाई मशीनच्या मदतीसाठी त्यांनी अर्ज केला, पोचपावतीही मिळाली. यादी लागली तेव्हा नावच नाही. नामंजूर म्हणून नाही, प्रलंबित म्हणूनही नाही. जणू त्यांनी अर्ज केलाच नव्हता.

माझा भाचा डेटाबेसचं काम करतो. तो म्हणाला, "मामू, नाव कुणी कापलं नसणार. जोडताना गळालं असणार."

त्याने सांगितलं ते असं. सगळी माहिती एकाच वहीत नसते. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी जी पद्धत मांडली, तिच्याप्रमाणे ती वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवतात. एका तक्त्यात अर्जदार, दुसऱ्यात बँकेची खाती. दोन्हींत अर्ज क्रमांक. यादी काढताना क्रमांकाला क्रमांक जुळवून ओळी जोडायच्या, यालाच 'जॉइन' म्हणतात. साध्या जॉइनचा नियम कडक आहे. जोडीदार सापडला तरच ओळ यादीत. खालांनी पासबुकाची झेरॉक्स दिली नव्हती, म्हणून दुसऱ्या तक्त्यात त्यांची ओळच नव्हती. यंत्राने चूक दाखवली नाही, कारण त्याच्या लेखी चूक झालीच नव्हती.

यावर उपाय 'लेफ्ट जॉइन'. यात डावीकडच्या तक्त्यातला प्रत्येक जण येतोच. उजवीकडे त्याचं काही नसलं तर तिथे 'नल' उमटतं. हे नल मला फार आवडलं. नल म्हणजे शून्य नव्हे. खात्यात शून्य रुपये, ही झाली माहिती. नल म्हणजे माहितीच नाही. म्हणून 'खातं बरोबर नल' असं विचारलं तर एकही ओळ हाती लागत नाही. जे ठाऊक नाही ते कशाच्या बरोबर आहे, असं यंत्र म्हणत नाही; दुसऱ्या नलच्याही नाही. 'इज नल' असंच विचारावं लागतं.

इथे आणखी एक फसगत आहे. लेफ्ट जॉइन करून झाल्यावर खाली 'व्हेअर'मध्ये 'खातं चालू असलेले' अशी अट घातली, की नलवाले पुन्हा बाहेर! ती अट जोडतानाच, 'ऑन'मध्ये घालायची. भाच्याच्या मते मुरलेले लोकही इथे घसरतात.

त्याने कागदावर चार ओळी लिहून दिल्या. तो कागद घेऊन मी आणि खाला संस्थेत गेलो. संगणकावरच्या मुलीने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग त्या ओळी चालवल्या. खातं नसलेली २१ नावं आली. खाला पंधराव्या. आम्ही झेरॉक्स देऊन निघालो, तेव्हा उरलेल्या २० जणांचे फोन नंबर ती मुलगी वहीत उतरवून घेत होती.