पायवाटेचं फ्लुइड मेकॅनिक्स

ट्रेकला जाणारे आपल्या कॉलेजात पुष्कळ आहेत. पण कुदळ, फावडं, घमेली आणि १५ मीटर पारदर्शक नळी घेऊन ट्रेकला निघालेलं टोळकं कधी पाहिलंय का? औंढा नागनाथच्या डोंगरात रविवारी सकाळी आम्ही असे निघालो की हमखास प्रश्न येतो, "काय, पाइपलाइनचं काम निघालं का?"

पाइपलाइन नाही, पायवाट. अमेरिकेत अपालेशियन ट्रेल नावाची साधारण ३५०० किलोमीटरची वाट आहे, तिची डागडुजी मुख्यतः स्वयंसेवक करतात. आपल्या हिंगोली जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही, पाट्या लावलेले ट्रेल तर नाहीतच. आहेत त्या गुराख्यांच्या, सरपणाच्या मोळ्या आणणाऱ्या बायकांच्या, डोंगरावरच्या देवाला जाणाऱ्यांच्या वाटा. वापर सगळ्यांचा, म्हणून दुरुस्ती कोणाचीच नाही! वाट फुटली की माणूस शेजारून चालतो, गुरं त्याच्याही शेजारून. दोन-तीन पावसाळ्यांत एका वाटेच्या तीन घळी होतात आणि मधलं गवत जातं. डोक्यावर मोळी असलेल्या बाईला पायाखालचं दिसत नाही, अशा घळीत पाय मुरगळायला फार वेळ लागत नाही.

आता वाट फुटते कशाने? माणसांच्या पायांनी माती मोकळी होते हे खरं, पण ती वाहून नेतं पाणी. इथे आपलं एफ.एम. कामाला येतं (व्हायवापलीकडेही ते उपयोगी आहे, विश्वास ठेवा). मॅनिंगच्या सूत्रात वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पाण्याची खोली तीच ठेवून उतार चौपट केला तर वेग दुप्पट. आणि हॉपकिन्सच्या नियमानुसार पाणी जास्तीत जास्त केवढ्या वजनाचा दगड ढकलू शकेल, ते वेगाच्या सहाव्या घातावर ठरतं. दोनाचा सहावा घात चौसष्ट! म्हणजे सरळ चढणाऱ्या शॉर्टकटने वाचवलेली पाच मिनिटं मुरुमाला भलतीच महाग पडतात.

म्हणून वाट आखणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे. डोंगराच्या बाजूचा जो उतार, त्याच्या निम्म्यापेक्षा वाटेचा चढ जास्त नको आणि सरासरी १० टक्क्यांच्या आसपास असावा. बाजूचा उतार १६ टक्के असेल तर वाट ८ टक्क्यांच्या आत. तसं नसेल तर पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेचाच ओढा करतं. शिवाय वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली हवी, मीटरभर रुंदीला पाचेक सेंटिमीटर.

चढ मोजायला ती नळी. गवंडी लेव्हल काढतात तशीच. पाणी भरायचं, बुडबुडे घालवायचे, दहा मीटर अंतरावर दोघांनी दोन टोकं धरायची. पाण्याची पातळी दोन्हीकडे एकच, तेव्हा जमिनीपासूनच्या उंचीतला फरक म्हणजे चढ. फरक एक मीटर आला तर १० टक्के. याच तालुक्यात दुधाळ्याजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा बदल टिपायचा त्यांचा बेत आहे. आमची नळी सेंटिमीटरवर खूश आहे. असो.

जुन्या वाटेची आखणी बदलता येत नाही तिथे दगडांची आडवी ओळ घालतो. ती काटकोनात नको, वाटेला साधारण ४५ अंशांत तिरकी हवी. काटकोनात घातली की पाणी तुंबतं, गाळ साचतो आणि पुढच्या सरीला ते वरून उडी मारतं. दगड दोन-तृतीयांश जमिनीत गाडायचा, नाहीतर म्हशीच्या एका धक्क्यात तो खाली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाणी बाहेर पडायचं तोंड. एका गुराखी मामांनी आम्हाला काम करताना बघून विचारलं, "पोरांनो, दगड लावतायसा ते ठीक हाय, पर पानी कुनीकडं जानार ते बघितलं का आधी?" हा प्रश्न कुठल्याही पुस्तकाच्या पहिल्या पानावर शोभेल! तेव्हापासून पहिल्या मोठ्या पावसात, विजा नसतील तेव्हा, नुसतं पाणी कुठून पळतं ते बघत एक फेरी मारतो. त्या दिवशी हत्यारं घरीच.

फेरी नेणाऱ्याचं काम पुढे पळायचं नाही. बारा ते पंधरा जण पुरे. सगळ्यात सावकाश चालणारा वेग ठरवतो, शेवटी एक जुना माणूस असतो आणि त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. दोघांमध्ये कुदळीच्या घेराहून जास्त अंतर. दगड उलटताना पहार आधी, हात नंतर, कारण खाली विंचू असतो. आणि परवानगी! राखीव वनात जमीन खोदणं, दगड काढणं भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. तेव्हा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज, आणि सोबत शक्यतो वनरक्षक. पैनगंगेपलीकडच्या अभयारण्यात तर नुसतं शिरायलाही परवानगी लागते.

आता नोंदींबद्दल. पोरांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, मला सगळ्यात मोलाचा वाटतो. वाटेच्या दोन्ही कडांना पक्क्या खुंट्या, त्यांवर ताणून दोरी, दर १० सेंटिमीटरला दोरीपासून जमिनीपर्यंतची खोली. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. समजा छेदाचं क्षेत्रफळ सरासरी ०.०६ चौरस मीटरने वाढलं. १०० मीटर वाटेत ती ६ घनमीटर माती झाली, वजनाने नऊ-दहा टन. एक ट्रक माती ओढ्यात गेली आणि कोणाला पत्ता नाही! हा आकडा सांगितला की गावातले लोक ऐकतात, 'पर्यावरण' म्हटलं की जांभया देतात.

त्याच कागदावर ठसे, विष्ठा, तोडलेली झाडं, वणव्याच्या खुणा. काही दिसलं नाही तर 'काही नाही' असं लिहायचंच, कोरी जागा सोडायची नाही. कोऱ्या जागेवरून कुणी बघितलंच नाही की बघून काही नव्हतं, हे कळत नाही. हा हट्ट का, ते सांगतो. २०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातला रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ साधारण पाच महिन्यांत १३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. शेतांतून, ओढ्यांतून, झुडपी जंगलांतून. वाटेत त्याने आपला हिंगोली जिल्हाही ओलांडला. त्याच्या गळ्यात कॉलर होती म्हणून हे कळलं. बिनकॉलरचा एखादा गेला तर त्याची नोंद चिखलातल्या एका ठशात असते, आणि तो ठसा पुढच्या सरीपर्यंतच टिकतो.

ठशाचा फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवायची आणि जागेचे जीपीएस आकडे टिपायचे. वाघ-बिबट्याचा संशय असेल तर फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही, थेट वनरक्षकाला. त्याच संध्याकाळी नोंदींची एक प्रत वन खात्याला आणि मातीच्या मापांची एक गावात. पुढची मापं दसऱ्यानंतर घ्यायची आहेत. नळी आहे, दोन कुदळींचे दांडे मात्र बदलायला झालेत.