खाणीचा खंड निराळा, पट्टी निराळी

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या बायकांशी बोललो की एक प्रश्न हमखास निघतो : कंपनी एवढा डोंगर पोखरून नेते, मग सरकारला देते तरी काय?

देते ती रॉयल्टी, म्हणजे स्वामित्वधन. पण रॉयल्टीला कर म्हणायचे का? या एका शब्दावर मोठी कोर्टबाजी झाली.

सुरुवात तमिळनाडूत झाली. तिथल्या पंचायत कायद्यात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे 45 पैसे स्थानिक उपकर होता आणि रॉयल्टीही महसुलात धरली जाई. चुनखडी काढणारी एक सिमेंट कंपनी याविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात गेली आणि हरली. जमिनीवर कर लावणे राज्याच्या हातात आहे, असे त्या न्यायालयाने सांगितले. पण 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला : रॉयल्टी हाच कर, त्यावर राज्याने आणखी उपकर लावायचा नाही.

25 जुलै 2024 रोजी नऊ न्यायाधीशांनी हे पुन्हा बदलले. आठ एका बाजूला, न्यायमूर्ती नागरत्ना विरुद्ध.

आपल्या हिशेबात सांगायचे तर असे. दुसऱ्याचे रान कसायला घेतले की मालकाला खंड द्यावा लागतो. तो करार झाला, कर नव्हे. भाड्याच्या घराचेही तसेच. मालकाला भाडे दिले म्हणून ग्रामपंचायत घरपट्टी सोडत नाही. रॉयल्टी हा खाणीचा खंड आहे, तेव्हा राज्याला खनिजाच्या जमिनीवर वेगळा कर लावता येतो. नागरत्नाबाईंना काळजी होती ती राज्याराज्यांत चढाओढ लागण्याची. ती काळजी अगदीच पोकळ नाही.

आता मागच्या थकबाकीचे काय? 14 ऑगस्ट 2024 च्या आदेशाप्रमाणे 1 एप्रिल 2005 पूर्वीचे मागायचे नाही. त्यानंतरचे 1 एप्रिल 2026 पासून 12 वर्षांच्या हप्त्यांत घ्यायचे, आणि निकालाच्या दिवसापर्यंतच्या मागणीवर व्याज-दंड नाही. आमच्या बचत गटात इतकी सवलत कुणाला मिळालेली ऐकिवात नाही!

मात्र निकालाने आपोआप कर लागत नाही. त्यासाठी राज्याचा कायदा हवा. शिवाय पैसा जातो राज्याच्या तिजोरीत, थेट गावात नाही. खाणीची झळ बसलेल्या गावांसाठीचा निधी निराळा. तो 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमा होतो. आपल्या गावासाठी त्यातून काय मंजूर झाले, हे येत्या ग्रामसभेत विचारून घ्या.