मागे गेलेल्या दोरीची वाट पाहताना

डॉक्टरने एखादा छंद जोपासावा, हे आपण रुग्णांना आवर्जून सांगतो आणि स्वतः मात्र विसरतो. मीही पंचावन्नाव्या वर्षापर्यंत विसरलोच होतो. हिमाचल प्रदेशातील तीर्थन खोऱ्यात सहकुटुंब गेलो असता ‘फ्लाय फिशिंग’ प्रथम पाहिले आणि इंदूरला परतताना त्याचे वेड सोबत घेऊन आलो. त्या वेडापायी एक डोळा जाता जाता वाचला. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

साध्या गळाला शिसे बांधलेले असते. ते पुढे जाते आणि दोर ओढून नेते. येथे गळावर पिसे व धागे गुंडाळून कृत्रिम माशी केलेली असते. तिला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून फेकायची ती दोरी. माशी केवळ तिच्यामागून जाते. नवशिक्याला सोयीची दोरी पाच क्रमांकाची. तिच्या पहिल्या ३० फुटांचे प्रमाण वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम. मागे फेकलेली दोरी हवेत पूर्ण उलगडली, तरच हे वजन काठीला वाकवते, आणि वाकलेली काठी सरळ होताना दोरीला पुढे धाडते.

कृती अशी. काठीचे टोक पाण्यालगत ठेवून दोरीतील ढिलाई काढावी. काठी हळू उचलून वेग वाढवीत न्यावा आणि डोक्यामागे, घड्याळात एक वाजल्याच्या जागी, एकदम थांबवावी. मग वाट पाहावी. दोरी जितकी लांब, तितके थांबणे अधिक. ती उलगडली की तसाच वाढता वेग देऊन पुढे दहाच्या जागी पुन्हा थांबवावी. मनगट शक्यतो स्थिर असावे. आपल्याला हेच अवघड जाते. छातीवर बोटाने ठोका देऊन तपासताना सारी हालचाल मनगटातूनच करायची, असे आपल्या हाताला वर्षानुवर्षांचे वळण असते. यावर सोपा उपाय म्हणजे काठीचा बुंधा सदऱ्याच्या बाहीत खोचावा. मनगट वाकले की तो लगेच जाणवतो.

मी यातले काही शिकलो नाही. महागडी काठी तेवढी घेतली. पुढच्या वर्षी रीतसर परवाना काढून तीर्थनकाठी उभा राहिलो. समोर मासा उडाला. मागची दोरी उलगडण्यापूर्वीच मी पुढे झटका दिला. ती ढिली होऊन अंगावर आली आणि गळ उजव्या भुवईत रुतला. तुषारांनी काचा धूसर होतात म्हणून चश्मा खिशात होता! सोबतच्या स्थानिक तरुणाने गळाचा उलटा काटा सकाळीच पकडीने चेपून ठेवला होता, त्यामुळे गळ आल्या वाटेने निघाला. काटा माशाला सोडणे सोपे जावे म्हणून चेपलेला. उपयोगी पडला मला. रक्त पुसता पुसता तो एवढेच म्हणाला, “डॉक्टरसाब, पीछेवाली को भी टाइम दो.” गळ अर्धा इंच खाली लागता, तर माझी शस्त्रक्रियेची खोली त्याच दिवशी बंद झाली असती.

तेव्हा साहित्याच्या यादीत पहिला मान चश्म्याचा. साधा, संपूर्ण डोळा झाकणारा पुरे. डोक्यावर टोपी असावी. त्यानंतर पैसे खर्चावे ते दोरीवर: पाण्यावर तरंगणारी, पुढच्या भागात वजनदार. काठी ९ फुटी, पाच क्रमांकाचीच, मध्यम किमतीची चालते. हाताची चूक महाग काठीने सुधारत नाही. लहान ट्राउटसाठी चक्री म्हणजे प्रामुख्याने दोरी गुंडाळण्याचे साधन. तेथे काटकसर करावी. सर्व वस्तू एकत्र मिळणारा संच नवशिक्याला स्वस्त पडतो. दोरीच्या टोकाला ९ फुटी, निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा बांधावा.

पहिला महिना नदीवर जाऊच नये. मैदानात माशीऐवजी लोकरीचा तुकडा बांधून केवळ २०-२५ फूट दोरी फेकावी आणि मान वळवून मागे पाहावे. चाबकासारखा आवाज आला, तर घाई झाली असे समजावे.

हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या मासेमारीस बंदी असते, कारण तो त्यांच्या विणीचा काळ. एरवीही मासा सोडून देणार असू, तर हात ओले करूनच धरावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो. गेल्या खेपेस मी धरलेला मासा क्षणभर तळहातावर स्थिरावला आणि प्रवाहात दिसेनासा झाला. त्या दिवशी दोरी प्रत्येक वेळी पूर्ण उलगडली होती.

रविवारी सकाळी मी घराजवळच्या मैदानावर सराव करतो. मंडळाच्या सभासदांपैकी कुणास यावेसे वाटल्यास काठी माझी वापरावी. चश्मा मात्र आपला आणावा.