विश्लेषण : पत्त्यांच्या फडात चार जण बरे की दहा? खिसा कुठे लवकर रिकामा होतो?

आषाढी अमावास्येची गटारी, गणपतीतील जागरण आणि दिवाळीच्या रात्री. शहापूर-मुरबाडच्या गावांत आणि माळशेज किंवा कसाऱ्याच्या वाटेवरील फार्महाऊसवर या काळात पत्त्यांचे फड रंगतात. ओसरीवर दहा जणांचे मोठे रिंगण असते, तर आतल्या खोलीत चार जणांचा छोटा डाव. छोट्या डावात आपला नंबर लवकर लागतो, असे म्हणत अनेक जण तिकडे वळतात. त्यामागचे गणित आणि कायदा काय सांगतो?

माणसे वाढली की पत्त्यांची किंमत का बदलते?

५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांच्या २२,१०० जोडण्या होतात. त्यांपैकी १६,४४० जोडण्यांत, म्हणजे ७४ टक्क्यांहून अधिक वेळा, पेअरही नसते. पेअर सुमारे १७ टक्के वेळा येते, तर कलर किंवा त्याहून वरचे पान जेमतेम पावणेनऊ टक्के वेळा. समजा, तुमच्या हाती पेअर आहे. समोर तिघे असतील, तर त्यांच्यापैकी कुणाकडे तरी कलर किंवा वरचे पान असण्याची शक्यता ढोबळमानाने २४ टक्के. समोर नऊ जण असतील, तर तीच शक्यता ५६ टक्क्यांवर जाते. शिवाय मोठ्या पेअरची भीती वेगळीच. म्हणजे छोट्या डावात चाल करण्याजोगी पेअर मोठ्या रिंगणात अनेकदा पॅक करण्याच्या लायकीची ठरते.

पोकरमध्येही हेच गणित आहे का?

होय. पोकरचे भरलेले टेबल नऊ-दहा जणांचे, तर छोटे टेबल सहा किंवा त्याहून कमी जणांचे. पत्ते पाहण्याआधी भरायची सक्तीची रक्कम, म्हणजे ब्लाइंड, प्रत्येकाला आळीपाळीने द्यावी लागते. नऊ जणांत ती नऊ डावांत दोनदा येते, सहा जणांत सहा डावांत दोनदा. त्यामुळे मोठ्या टेबलावर चांगल्या पानांची वाट पाहत बसणे परवडते. छोट्या टेबलावर ते परवडत नाही. तिथे मध्यम पानांवरही खेळावे लागते आणि समोरच्याचा स्वभाव ओळखावा लागतो. नवख्याची चूक तिथे लवकर उघडी पडते.

मग छोटा डाव महाग कसा?

कारण तिथे तासाला जास्त डाव होतात. समजा, चौघांत तासाला ३० डाव होतात आणि दहा जणांत १५. बूट दहा रुपये असेल, तर केवळ बुटापोटी छोट्या डावात तासाला ३०० रुपये टाकावे लागतात, मोठ्यात १५०. त्यातील बरेचसे जिंकून परत येऊ शकतात. जागा देणारा जी ‘नाल’ काढतो, ती मात्र कधीच परत येत नाही. डावामागे दहा रुपये नाल धरली, तर चौघांच्या फडातून तासाला ३०० रुपये बाहेर जातात, म्हणजे माणशी ७५. दहा जणांत १५० रुपये जातात, म्हणजे माणशी १५. पाच तासांच्या जागरणात हा फरक ३७५ आणि ७५ रुपयांचा होतो. नशीब सर्वांना सारखे लाभले, तरी एवढी तूट ठरलेलीच. भातलावणीच्या हंगामात रोजावर जाणाऱ्यासाठी ही रक्कम किरकोळ नाही.

कायदा काय म्हणतो?

१८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. जागा देऊन त्यातून लाभ मिळवला, तर ती जागा ‘जुगाराचा अड्डा’ ठरू शकते. म्हणजे नाल खिसा तर रिकामा करतेच, शिवाय यजमानाला गुन्ह्यातही अडकवू शकते. अड्ड्यावर सापडलेला खेळणाराही सुटत नाही. रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी पैसे लावून खेळणे हाही गुन्हा आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला कायद्यात सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७मध्ये रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ मानले. मात्र तीन पत्त्यांचा खेळ पूर्णपणे नशिबाचा असल्याचे त्याच निकालात नमूद केले. पोकरबाबत गुजरात उच्च न्यायालयाने २०१७मध्ये तो जुगारच असल्याचे म्हटले. गोव्यात मात्र परवानाधारक कॅसिनोंत तो खेळता येतो.

मोबाइलवर खेळले तर?

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने बंद केले. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्यानंतर अनेक अ‍ॅपनी पैशांचे खेळ थांबवले.

तर बसायचे कुठे?

पैसे न लावता खेळायचे असेल, तर चौघांचा डाव अधिक रंगतो. प्रत्येकाला सतत खेळायला मिळते. पैसे लागले, की छोटा फड खिसा वेगाने रिकामा करतो आणि मोठा हळूहळू. मात्र नाल निघते त्या फडात रात्रभर बसून हमखास कमावणारा एकच असतो. त्याच्या हातात पत्ते नसतात.