धावणाऱ्यांचे फोटो काढताना

जानेवारी जवळ आला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘मुलाला नवा कॅमेरा घेऊन दिलाय, मॅरेथॉनचे फोटो काढायला जायचं म्हणतोय. जमेल का त्याला?’ मी सांगतो, जरूर पाठवा. शिकाऊ माणसाला याहून चांगली शाळा मिळायची नाही. क्रिकेटच्या मैदानात सीमारेषेपाशी उभं राहायला पास लागतो आणि लांब पल्ल्याची महागडी लेन्सही लागते. रस्त्यावरच्या शर्यतीला यातलं काहीच लागत नाही. माणसं तुमच्यापासून चार-पाच हातांवरून जातात, आणि एक हुकला तर मागून हजारो येत असतात. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली, मुंबईची २००४ मध्ये, साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातली २०१२ मध्ये. आता तर तालुक्याच्या गावीही एखादी दहा किलोमीटरची शर्यत होते. तेव्हा संधी शोधायला लांब जावं लागत नाही.

कॅमेरा हातात घेण्याआधी माणूस धावतो कसा, ते नीट पाहायला हवं. चालताना आपला एक तरी पाय जमिनीवर असतो. धावताना मात्र प्रत्येक पावलागणिक असा एक क्षण येतो की दोन्ही पाय हवेत असतात. १८७८ साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याचे फोटो काढले आणि घोड्याचे चारही खूर एकाच वेळी जमिनीपासून सुटतात हे दाखवून दिलं. नुसत्या डोळ्यांना जे कधी दिसलं नव्हतं, ते फोटोत दिसलं. माणसाच्या बाबतीत तोच क्षण आपल्याला हवा असतो. एक पाय सरळ जमिनीवर आणि दुसरा त्याच्यामागे लपलेला, अशा वेळी फोटो निघाला तर चांगला धावपटूसुद्धा एका पायावर उभा राहिल्यासारखा वाटतो. सराईत धावपटू मिनिटाला साधारण १७० ते १८० पावलं टाकतो, म्हणजे सेकंदाला तीन. तुमचा कॅमेरा सेकंदाला आठ फोटो घेत असला, तरी एका पावलाच्या वाट्याला तीनसुद्धा येत नाहीत. म्हणून बटण दाबून धरण्यावर सगळी भिस्त ठेवू नका. पावलांचा ठेका डोळ्यांनी पकडा आणि त्या ठेक्यात बटण दाबा. अर्ध्या तासात बोटाला सवय होते.

आता शटरचा वेग. इथे थोडं गणित करू. ताशी दहा किलोमीटरने धावणारा हौशी माणूस एका सेकंदात सुमारे पावणेतीन मीटर पुढे जातो. शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाइतकं उघडं राहिलं, तर तेवढ्यात तो दोन सेंटिमीटरहून जास्त सरकलेला असतो. फोटोत चेहरा पुसट यायला एवढं पुरेसं आहे. हजाराव्या भागात तो जेमतेम तीन मिलिमीटर सरकतो. पुढे फेकला जाणारा पाय तर शरीराच्या जवळजवळ दुप्पट वेगाने जात असतो. म्हणून पाचशेव्या भागापासून सुरुवात करा, उजेड असेल तर हजाराव्यापर्यंत जा. माणूस समोरून आपल्याकडे येत असेल तर थोडा कमी वेग चालतो, कारण फोटोच्या चौकटीत तो आडवा सरकत नाही, नुसता मोठा होत जातो. पण मग फोकस सांभाळावा लागतो. हलत्या वस्तूचा सतत माग काढणारा फोकस कॅमेऱ्यात असतो, तो चालू ठेवा. कॅमेरा जुना असेल तर एक साधी युक्ती आहे. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर आधी फोकस करून ठेवायचा आणि पाऊल पट्ट्यावर येताक्षणी बटण दाबायचं.

मोबाइलवाल्यांना एवढंच सांगेन, की बोटांनी चित्र मोठं करू नका. जवळ उभे राहा, मोबाइल कमरेच्या उंचीवर धरा आणि माणूस जवळ येईपर्यंत थांबा.

मुंबईची पूर्ण मॅरेथॉन अंधारात सुरू होते. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास, त्यामुळे पहिले दोन तास रस्त्यावरच्या दिव्यांवर भागवावं लागतं. नवे एलईडी दिवे डोळ्यांना स्थिर वाटतात, पण त्यांतले बरेच दिवे विजेच्या प्रवाहाबरोबर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकत असतात. शटर फार वेगवान ठेवलं तर एक फोटो उजळ, पुढचा काळपट, नाहीतर फोटोवर आडवे पट्टे, असा प्रकार होतो. यावर माझा उपाय असा, की या वेळात माणसाला गोठवण्याचा नादच सोडायचा. शटर पन्नासाव्या भागावर आणायचं आणि धावणाऱ्याच्या वेगाने कॅमेराही फिरवत न्यायचा. पाय घट्ट रोवून फक्त कंबर वळवायची आणि बटण दाबल्यावरही फिरवणं चालू ठेवायचं. चेहरा स्पष्ट येतो, मागचे दिवे रेघा होऊन पळतात. सुरुवातीला वीसात एखादा साधेल, आणि तो एक पाहून तुमचा दिवस छान जाईल. फ्लॅश मात्र वापरू नका. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर एकदम उजेड पडला तर धावणाऱ्याला पुढचा खड्डा दिसत नाही. आपल्या रस्त्यांवर ही चेष्टा नव्हे.

जागा निवडताना नवखा माणूस अंतिम रेषेकडे धाव घेतो. तिथे गर्दी तर असतेच, शिवाय आणखी एक गंमत होते. रेषा ओलांडताक्षणी बहुतेकजण मान खाली घालून मनगटावरचं घड्याळ बंद करतात. आयुष्यातली पहिली मॅरेथॉन पुरी केली आणि फोटोत दिसतो डोक्याचा मध्यभाग! त्यापेक्षा रेषेच्या पुढे पंचवीस-तीस पावलांवर उभे राहा. हसू, रडू, मिठ्या, सगळं तिथे असतं. मरीन ड्राइव्ह सर्वांना आवडतं, पण तिथे समुद्र पश्चिमेला आहे. सकाळचा सूर्य इमारतींच्या मागून येतो, त्यामुळे बराच वेळ रस्ता सावलीत असतो. चेहऱ्यांसाठी हा मऊ उजेड फार छान. फक्त केशरी उन्हाची अपेक्षा धरून जाऊ नका. माझी स्वतःची आवडती जागा म्हणजे पेडर रोडचा चढ. परतीच्या वाटेवर, तिसाहून अधिक किलोमीटर पायांखाली गेल्यावर तो समोर येतो, आणि माणसाचा खरा चेहरा तिथे दिसतो.

१९६७ च्या बॉस्टन मॅरेथॉनचा एक फोटो जगभर गेला. कॅथरिन स्विट्झर ही तरुणी छातीवर २६१ क्रमांक लावून धावत होती. बाई धावतेय म्हणून संतापलेला जॉक सेम्पल हा अधिकारी तिच्या अंगावर धावून गेला आणि तो क्रमांक ओढून काढू लागला. पत्रकारांची गाडी जवळच होती आणि हॅरी ट्रॅस्क या छायाचित्रकाराने तो प्रसंग टिपला. तिने शर्यत पूर्ण केली. बॉस्टनमध्ये स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळायला १९७२ साल उजाडलं. ट्रॅस्क तिथे विजेत्यांचे फोटो घ्यायला गेला असणार, पण त्याचं लक्ष मागच्यांवरही होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

कारण आपल्याकडे काय होतं? ताशी वीस किलोमीटरच्या आसपास धावणारे इथिओपिया-केनियाचे पाहुणे चार सेकंदांत डोळ्यांसमोरून जातात, त्यांच्यावर शंभर कॅमेरे रोखलेले असतात. ते गेले की कॅमेरे पिशवीत जातात आणि मंडळी इडली-वडा खायला निघतात. पाच-सहा तास रेटत येणाऱ्या माणसांचा फोटो काढायला कोणी उरत नाही.

काही वर्षांपूर्वी मला एका गृहस्थांचा फोन आला. त्यांचे वडील सत्तरीत अर्धमॅरेथॉन धावत. त्या पावसाळ्यात ते गेले. मी चढावर फोटो काढतो हे त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. वडिलांच्या छातीवरचा क्रमांक त्यांनी सांगितला. मी तारीखवार, तासवार फोटो ठेवतो, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. तीन निघाले. दोनांत ते धावत होते, दोन्ही पाय हवेत, अगदी नमुनेदार. तिसऱ्यात ते थांबलेले होते. कमरेवर हात ठेवून, संत्र्याची फोड पुढे करणाऱ्या एका शाळकरी मुलीकडे बघून हसत होते. स्पर्धेला पाठवायला तो मी कधीच निवडला नसता. मुलाने तो नेला. ‘बाबा असेच हसायचे,’ एवढंच तो म्हणाला.

त्यामुळे मी नवशिक्यांना सांगतो, जागेवर उभ्या उभ्या फोटो खोडत बसू नका. आणि दुसरं, कुणी कोसळलं, ओकारी काढत बसलं, तर कॅमेरा खाली घ्या, पाणी द्या, स्वयंसेवकाला हाक मारा. असे फोटो वर्तमानपत्रांना चालतात हे मला माहीत आहे, मी काढत नाही. लहान मुलांचे फोटो त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय कुठे पाठवू नका. फोटोच्या नादात दोरीच्या आत पाऊल टाकू नका.

दहा-अकराचं ऊन कडक असतं, टोपीच्या सावलीत डोळे काळे दिसतात. तेव्हा खाली बसून फोटो घ्या. तापलेल्या रस्त्यावरून परतणारा उजेड टोपीखाली पोचतो. पांढऱ्या बनियनमुळे कॅमेरा फसतो आणि चेहरा अंधारा करतो, म्हणून उजेड थोडा वाढवून घ्या. एक जादा बॅटरी आणि एक रिकामं कार्ड या वेळेसाठी राखून ठेवा, कारण सकाळच्या उत्साहात दोन्ही संपतात. शेवटच्या धावणाऱ्यांच्या मागून आयोजकांची बस येते. ती दिसेपर्यंत उभे राहा. मग घरी जाऊन, जेवणाआधी, कार्डावरचे सगळे फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)